चिमुकल्या आगगाडीचे छायाचित्र

भिलाईच्या पोलाद कारखान्यात तयार झालेले रूळ देशभर अंथरले जातात. त्यांवरील रुंदमापी मार्गाच्या दोन रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर असते. पुण्यात कोथरूड येथे १९९८ साली सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात मात्र वाफेच्या इंजिनांच्या प्रतिकृती बोटभर रुंदीच्या मार्गावरून धावतात.

अशा प्रतिकृतींचे प्रचलित प्रमाण १:८७ हे होय. युरोपातील १,४३५ मिलिमीटरचा मार्ग या प्रमाणात साडेसोळा मिलिमीटरचा होतो. इंजिनात अग्नी नसतो. रुळांतून येणारा विद्युत्प्रवाह लहानशी मोटर फिरवितो. वेगही प्रमाणातच हवा. ताशी ८७ किलोमीटर धावणाऱ्या गाडीच्या प्रतिकृतीने सेकंदाला जेमतेम २८ सेंटिमीटर जावे.

खरी कसोटी छायाचित्र घेताना लागते. जवळून टिपल्यास इंजिनाचे तोंड रेखीव येते, पण मागचे डबे अंधुक होतात आणि खेळणे उघडे पडते. म्हणून भिंगामागील छिद्र लहान करतात. त्यामुळे प्रकाश कमी पडतो. तो भरून काढण्यासाठी कॅमेरा तिवईवर बसवून झडप अधिक वेळ उघडी ठेवतात. तेवढा वेळ गाडी थांबलेली असावी लागते. छिद्र फारच बारीक केले, तर विवर्तनामुळे सारेच चित्र अस्पष्ट होते. कॅमेरा जमिनीपासून अठरा-वीस मिलिमीटर उंचीवर असला, की रुळांशेजारी उभ्या असलेल्या माणसास दिसावे तसे दृश्य मिळते.

इंजिन ८७ पटींनी लहान करता येते. प्रकाशाच्या लहरी मात्र आहेत तेवढ्याच राहतात.