वाचता येते, पण कळते का?

रुग्णाला वैद्यकीय शब्द कितपत परिचित आहेत हे चटकन अजमावण्यासाठी अमेरिकेत १९९३ साली ‘रिअल्म’ ही चाचणी ६६ शब्दांच्या आटोपशीर रूपात आली. रुग्णाने शब्द मोठ्याने वाचायचे. जितके उच्चार बरोबर तितके गुण. इंग्रजीत स्पेलिंगवरून उच्चाराचा भरवसा नसतो. त्यामुळे थकव्यासाठीचा ‘फटीग’ बिनचूक वाचणाऱ्याने तो बहुधा आधी ऐकलेला असतो.

स्पॅनिशमध्ये मात्र अक्षरे जुळवली की उच्चार साधतो, अर्थ ठाऊक असो वा नसो. म्हणून २००६ सालच्या ‘साहल्सा’ या ५० शब्दांच्या स्पॅनिश चाचणीत प्रत्येक शब्द वाचल्यावर त्याच्याशी निगडित शब्द दोन पर्यायांतून ओळखायला सांगितले. ‘माहीत नाही’ म्हणण्याचीही मुभा दिली.

देवनागरीचा स्वभाव याबाबतीत स्पॅनिशसारखाच आहे. चौथी शिकलेली आजी ‘यकृतदाह’ खणखणीत वाचेल. तिच्या ओळखीची असते ती कावीळ. ‘रिअल्म’चे नुसते भाषांतर केले तर तिला पैकीच्या पैकी गुण पडतील आणि तिला सगळे समजते असे डॉक्टर धरून चालतील. समजावून सांगण्याची गरज जिला सर्वाधिक, तीच अशा वेळी नजरेआड होते. मराठी चाचणीत वाचनापाठोपाठ अर्थाचा प्रश्न हवाच, तो यासाठी.