नेट चालते, मग शेजारच्या खोलीतला संगणक का दिसत नाही?

घरातल्या एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर उघडली, तर ती इंटरनेटवर जात नाही; राउटरमार्फत घरातल्या घरातच फिरते. इंदूर–धार रस्त्यावरच्या बेटम्यात फायबरची जोडणी तुटली, तरी राउटरला वीज मिळतेय तोवर माडीवरच्या लॅपटॉपला तळमजल्यावरचा संगणक गाठता येतो. म्हणून ‘नेट चालू, म्हणजे घरचे नेटवर्क ठीक’ हा समज चुकीचा आहे आणि ‘नेट बंद, म्हणजे सगळेच बंद’ हाही.

‘एका घरातले सगळे संगणक एकाच नेटवर्कवर असतात’ या समजाने सर्वांत जास्त घोळ होतो. फायबरबरोबर आलेल्या राउटरचे वायफाय जाड भिंतीपलीकडे पोचत नाही, म्हणून दुसरा राउटर आणला जातो आणि पहिल्याची केबल त्याच्या ‘वॅन’ पोर्टात खोचली जाते. नेट दोन्हीकडे चालते, त्यामुळे शंका येत नाही. दुसरा राउटर मात्र आपले वेगळे नेटवर्क उभे करतो. एका संगणकाचा आयपी पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो, दुसऱ्याचा १९२.१६८.० ने, आणि पहिल्या राउटरवरच्या संगणकाला दुसऱ्याच्या आतला संगणक सापडत नाही. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकला की दोन्हीकडचे संगणक एका नेटवर्कात येतात. लॅपटॉप ‘गेस्ट’ वायफायला जोडलेला असेल तरी त्याला घरातले बाकीचे संगणक सापडत नाहीत, कारण पाहुण्यांना घरातल्या यंत्रांपासून दूर ठेवण्यासाठीच ती सोय असते. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. तेव्हा आधी केबल आणि वायफायची जोडणी तपासावी.

दुसरा संगणक सापडतो का हे पाहण्यासाठी पाठवलेल्या पिंगला उत्तर आले नाही म्हणजे जोडणी तुटली, असेही नाही. विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेले पिंग अनेकदा अडवते. त्यावर फायरवॉलच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे आणि अनावश्यकही. बहुतेक वेळा विंडोजने घरचे नेटवर्क ‘पब्लिक’ धरलेले असते. ते ‘प्रायव्हेट’ केले आणि फाइल शेअरिंग चालू केले की पुरते.

‘एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा’ हा असाच जुना तोडगा. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने याच जुन्या पद्धतीतल्या त्रुटीचा फायदा घेतला होता. त्याच वर्षापासून विंडोज १० च्या नव्या स्थापनेत ती पूर्वीसारखी सरसकट बसवलेली नसते. नेटवर्कच्या यादीत संगणकाचे नाव दिसत नसेल, तर फाइल एक्सप्लोररच्या पत्तापट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन त्याचा आयपी पत्ता लिहावा. पुष्कळदा तो उघडतो.

नाव दिसते पण पासवर्ड चालत नाही, तिथे संगणकात बिघाड असेलच असे नाही. लॅपटॉप उघडताना वापरला जाणारा चार आकडी पिन त्याच यंत्रापुरता असतो. दुसऱ्या संगणकावरून फाइल मागताना त्या संगणकावरच्या खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो, आणि पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.