कार्टून संपल्यावर येणारा माणूस

आमच्या मावळातल्या वडगावात कॅरी ग्रँट रात्री नऊच्या सुमाराला यायचा. त्याच्या आधी टॉम आणि जेरी असायचे. १९९५ साली कार्टून नेटवर्क आणि टीएनटी या दोन वाहिन्या भारतात एकाच खुंट्यावर आल्या, दिवसभर कार्टून आणि रात्री जुने इंग्रजी चित्रपट. घराघरांतल्या पोरांना टीएनटीची ती अक्षरं म्हणजे शाळेची घंटा उलटी वाजल्यासारखी वाटत. रंगीत मांजर पळता पळता नाहीसं व्हायचं आणि त्याच्या जागी कोटातली माणसं भराभर बोलत उभी राहायची.

आमच्याकडे मांजरही रंगीत नव्हतं. चौदा इंची काळा-पांढरा संच होता, गोल बटणाचा. दूरदर्शनच्या काळात गच्चीवरचा अँटेना सिंहगडाच्या रोखाने वळवलेला असे. मुंबई केंद्राचा कार्यक्रम सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रातून आमच्यापर्यंत यायचा. केबल आली आणि अँटेना कावळ्यांना बसायला उरला. कार्टून संपल्यावर आई टीव्ही बंद करायला सांगायची, पण नेमके त्याच वेळेला काका शेतावरून येऊन ताट घेऊन बसायचे. काकांना इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं ते आठवीच्या पुस्तकापुरतं. खाली अक्षरंही नसत. तरी आम्ही बघायचो, कारण काकांचं म्हणणं असं की जेवताना समोर काहीतरी हललं पाहिजे.

हलण्याच्या बाबतीत कॅरी ग्रँटचा हात कुणी धरला नसता. माझी पहिली ओळख झाली ती ‘ब्रिंगिंग अप बेबी’मध्ये. एका झगमगीत हॉटेलात एक बाई ऑलिव्ह हवेत उडवून झेलायचा खेळ करते, एक फळ खाली पडतं, आणि तिकडून उंच टोपी हातात घेऊन आलेला हा गृहस्थ त्यावरून घसरून थेट स्वतःच्याच टोपीवर बसतो. पडणं आम्ही पुष्कळ पाहिलं होतं. पण पडल्यावर आपली अब्रू जागेवर आहे की नाही हे चाचपणारा तो चेहरा नवीन होता. काकांच्या हातातला घास तसाच राहिला.

नंतर त्या चित्रपटात बिबट्या येतो. बेबी हे त्याचंच नाव. कॅरी ग्रँट झालाय प्राण्यांचे सांगाडे जुळवणारा शास्त्रज्ञ, कॅथरिन हेपबर्न झालीय त्याच्या मागे लागलेली श्रीमंत मुलगी, आणि तिच्या भावाने तिच्याकडे हा माणसाळलेला बिबट्या पाठवून दिलाय. त्याला शांत करायला दोघं गाणं म्हणतात. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला यात नुसती गंमत वाटली असेल. मावळात बिबट्या ही गंमत नाही. डोंगराकडेच्या वाड्यांवर तो कुत्री उचलतो, गोठ्यात शिरतो, आणि रात्री परसाकडे जाणारा माणूस बॅटरी आधी चारी बाजूंनी फिरवतो. आजी तोवर भिंतीला टेकून डुलक्या घेत होती, ती ताठ बसली. “आरं, त्याला कुत्र्यागत हिंडवतोय का ह्यो!” पुढे एक दुसरा, खरोखरचा रानटी बिबट्या सुटतो आणि ती मुलगी तोच आपला समजून त्याला दोरीने ओढत आणते, तेव्हा आजी उठून आत गेली. हसत हसत मेलेली माणसं तिला बघायची नव्हती. ग्रँटलाही त्या जनावराची भीती वाटत होती, आणि जवळच्या दृश्यांत त्याच्याऐवजी दुसऱ्या माणसाला उभं केलं होतं, हे मी पुढे वाचलं. हेपबर्न मात्र घाबरली नाही. हॉवर्ड हॉक्सचा हा चित्रपट १९३८ साली आला तेव्हा तिकीटखिडकीवर आपटला होता. आमच्या घरात त्याचा खेळ यशस्वी झाला असं मी आजही समजतो.

ग्रँटच्या अंगात ते पडणं-सावरणं कुठून आलं, याचा उलगडा त्याच्या जन्मकथेत होतो. खरं नाव आर्चिबाल्ड लीच, जन्म ब्रिस्टलचा, १९०४ सालचा. पोरवयातच तो बॉब पेंडर नावाच्या माणसाच्या कसरतपटूंच्या टोळीत शिरला आणि कोलांट्या, उंच काठ्यांवर चालणं, मुक्याने विनोद करणं हे सगळं तिथे शिकला. १९२० साली ती टोळी न्यूयॉर्कला गेली. परत निघाली तेव्हा हा तिथेच राहिला. म्हणजे ज्याला जगाने सभ्यपणाचा नमुना मानलं तो मुळात आपल्याकडच्या डोंबाऱ्याच्या खेळातलं पोर. घरची गोष्ट आणखी कडू आहे. तो लहान असताना बापाने आईला मनोरुग्णालयात घातलं आणि पोराला खरं सांगितलं नाही. ती जिवंत आहे हे त्याला कळलं तेव्हा तिशी उलटली होती. त्याचे सगळे रुबाबदार नायक कुणी ओळखेल की काय अशा बेताने वागतात, त्याचं मूळ मला इथे दिसतं. हा माझा कयास, पुरावा नाही.

आता या लेखाचं मुख्य गाऱ्हाणं. आम्ही ज्याला कॅरी ग्रँट म्हणत होतो तो अर्धाच होता. टेड टर्नर या अमेरिकन गृहस्थाने १९८६ साली एमजीएम स्टुडिओ विकत घेतला, कर्ज झेपेना म्हणून स्टुडिओ लगेच परत विकून टाकला, पण जुन्या चित्रपटांचं कपाट स्वतःकडे ठेवलं. त्यात एमजीएमचे चित्रपट, वॉर्नर ब्रदर्सचे १९५० च्या आधीचे चित्रपट, आणि पुढे आरकेओचेही आले. टीएनटी म्हणजे हे कपाट रोज रात्री थोडं थोडं उघडणं. क्लार्क गेबल मुख्यतः एमजीएमचा, हम्फ्री बोगार्ट वॉर्नरचा, त्यामुळे ते दोघे आम्हाला बरेचसे मिळाले. ग्रँटने मात्र १९३०च्या दशकात पॅरामाउंटचा करार संपल्यावर कुठल्याच एका स्टुडिओला स्वतःला पूर्ण बांधून घेतलं नाही. त्या काळात हे धाडस होतं. नट तेव्हा सालदारासारखे असत, सात-सात वर्षांच्या करारात. हा रोजंदारीवर राहिला, मोठ्या रोजंदारीवर. त्याचा भुर्दंड साठ वर्षांनी मावळात आम्ही भरला. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ कपाटात होता, ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ होता. ज्याने त्याला खरा कॅरी ग्रँट केला तो १९३७ चा ‘द ऑफुल ट्रूथ’ कोलंबियाचा, म्हणून नाही. ‘हिज गर्ल फ्रायडे’ नाही. ‘टू कॅच अ थीफ’ पॅरामाउंटचा, तोही नाही.

‘सस्पिशन’ मात्र होता, १९४१ चा, हिचकॉकचा. त्यात बायकोला संशय येतो की नवरा आपल्याला विष देणार. नवरा रात्री दुधाचा पेला घेऊन अंधाऱ्या जिन्यावरून वर येतो आणि त्या पेल्याकडे नजर जाईल म्हणून हिचकॉकने दुधात छोटा दिवा ठेवला होता. आमच्या संचावर बाकी सगळं काळं आणि तो पेला तेवढा पांढरा. काका म्हणाले, “म्हशीचं दिसतंय.” शेवट मला तेव्हाही पटला नव्हता. सबंध चित्रपटभर माणूस खुनी वाटतो आणि शेवटी बायकोचा गैरसमज निघतो. ग्रँटसारख्या नटाला खुनी दाखवायला स्टुडिओ राजी नव्हता, असं त्यामागचं कारण सांगतात. आपल्याकडे नायकाची प्रतिमा फार जपतात असं म्हणणाऱ्यांनी हा चित्रपट बघावा.

ग्रँटमध्ये नायक आणि विनोदवीर एकत्र नांदले. मराठी पडद्याने मात्र त्यांची चूल वेगळी मांडली. रमेश देव, अरुण सरनाईक एका पंगतीला, राजा गोसावी आणि शरद तळवलकर दुसऱ्या. देखण्या माणसाने घसरून पडायचं नाही आणि घसरून पडणाऱ्याने देखणं असायचं नाही, असा अलिखित नियम. राजा गोसावींनी तो थोडा वाकवला, पण त्यांचं देखणेपण मध्यमवर्गीय, शेजारच्या वाड्यातलं होतं. रंगभूमीवर बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांच्या फार्समध्ये ती चपळाई होती, पण तो देह कॅमेऱ्यापुढे फारसा आला नाही. रवींद्र महाजनी आठवतात. ‘झुंज’पासून ‘मुंबईचा फौजदार’पर्यंत इतका देखणा नायक मराठीला क्वचित मिळाला, आणि त्यांना चारचौघांत फजीत व्हायची संधी कुणी फारशी दिली नाही. ते गेले जुलै २०२३ मध्ये, आमच्या शेजारी तळेगाव दाभाडेजवळच्या आंबीत. बातमी आली तेव्हा आमच्या स्टेशनवरच्या टपरीवर कितीतरी जणांना पहिल्यांदाच कळलं की ते इतके जवळ राहत होते.

ग्रँटवर रागावायचीही वेळ आली. ‘गंगा दीन’ आरकेओचाच, १९३९ चा, पण मी पाहिला फार पुढे, डीव्हीडीवर. तीन गोरे सार्जंट, ठगांचा पंथ, सोन्याचं देऊळ, आणि साहेबांसाठी जीव देणारा पाणक्या. हिंदुस्थान म्हणून कॅलिफोर्नियातले डोंगर. मुंबई इलाख्यात त्यावर बंदी आली होती आणि बाबूराव पटेलांचं ‘फिल्मइंडिया’ अशा चित्रपटांवर तुटून पडत होतं. त्यातला ग्रँट सोन्याच्या लोभाने देवळात शिरतो आणि साथीदाराला निसटता यावं म्हणून शेकडो ठगांच्या मधोमध गाणं म्हणत चालत जातो. मी हसलो, आणि हसल्याबद्दल स्वतःवर चिडलो. आमचं गाव १७७९ च्या जानेवारीत महादजी शिंद्यांनी कंपनीच्या फौजेला कोंडून तहावर सही करायला लावलेलं गाव. त्या मातीतल्या माणसाने गोऱ्या शिपायाच्या बाजूने टाळ्या पिटाव्यात, हे काही बरं नव्हे. पण ते चालणं बघा एकदा. मग बोला.

सगळ्यात जास्त वेळा पाहिला तो ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’, १९५९ चा. ग्रँट तेव्हा पंचावन्नचा होता, आणि त्याची आई झालेली जेसी रॉयस लँडिस त्याच्याहून जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी. त्यातलं विमानाचं दृश्य जगाला पाठ आहे. सपाट माळ, मधून हमरस्ता, एसटीची वाट बघावी तसा उभा असलेला सुटाबुटातला माणूस, आणि लांबवर फवारणीचं विमान. आमचा जुना मुंबई-पुणे रस्ता दुपारी दोनला असाच दिसायचा. फवारणीचं विमान काकांनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण त्यांनी भाकरी खाली ठेवली. “तिथं पीक कुठाय? उघड्या रानावर कशाला मारतोय औषध?” पुढे कित्येक वर्षांनी अक्षरांसह पाहिला तेव्हा कळलं की रस्त्याकडेला उभा असलेला दुसरा माणूस नेमकं हेच बोलतो, आणि तिथूनच प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. काकांना तो गोळा इंग्रजीशिवाय आला होता. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ पहिल्या काही वर्षांतच लावणारा माणूस तो. कशावर काय मारायचं, हे त्याला हिचकॉकने शिकवायची गरज नव्हती.

२००१च्या सुमाराला कार्टून नेटवर्क चोवीस तास झालं आणि जुने चित्रपट घरातून गेले. पुढे उरलेला अर्धा कॅरी ग्रँट मी गोळा केला, पुण्यातून आणलेल्या डीव्हीड्यांवर, मग फोनवर. ‘हिज गर्ल फ्रायडे’ आणि ‘शराड’ यांचे अमेरिकेतले हक्क सुटलेले असल्यामुळे ते फुकट मिळतात. ‘शराड’ मी लोणावळा लोकलमध्ये दोन दिवसांत पाहिला. एकसष्टच्या आसपासचा... नाही, एकोणसाठचा ग्रँट त्यात सुटासकट शॉवरखाली उभा राहतो आणि तरीही त्याची इस्त्री मोडल्यासारखी वाटत नाही. तीनच वर्षांनी, १९६६ साली, त्याने काम थांबवलं आणि १९८६ ला मरेपर्यंत परत पडद्यावर आला नाही. स्पर्धेतलं ऑस्कर त्याला कधी मिळालं नाही. १९७० साली मानाचं देऊन भरपाई केली.

मागच्या दिवाळीत पुतण्याने नव्या मोठ्या टीव्हीवर ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ लावला. काका आता ऐंशीच्या घरात, तरी ताट घेऊन समोरच बसले. मी त्यांना सांगितलं की हा चित्रपट मुळात रंगीत आहे, आपण उगाच काळा-पांढरा बघत होतो. त्यांनी ग्रँटच्या सुटाकडे बराच वेळ पाहिलं. सूट करड्या रंगाचाच आहे.

मग तो माळ आला. हमरस्ता, धूळ, एकटा माणूस. विमान अजून लांब होतं. काकांनी वाटीतला भात कालवला आणि म्हणाले, “आता तिथं एनए प्लॉट पडले असतील.”