अनोळखी टीम, ओळखीचा बॉस!

ऑफिसातला बॉस परवडला! 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये डिसेंबर २००९ला 'डंजन फाइंडर' आला आणि एका बटणावर पाच अनोळखी लोकांची टीम जमायला लागली. एक टँक, एक हीलर, तिघं मारणारे. २०१०च्या 'कॅटॅक्लिझम'मधला ओझरुक अशा टीमचा घामच काढायचा. आधी सगळ्यांना जागीच थिजवायचा, मग जवळ असलेल्यांवर जीवघेणा 'शॅटर'! यातून सुटायची युक्ती उलटीच होती. रक्त वाहत राहील अशी छोटी जखम आधीच अंगावर घ्यायची. ती दुखली की पाय मोकळे! आता हे सांगितल्याशिवाय कुणाला सुचणार? म्हणून माझा फंडा एकच. लढाईआधी दोन ओळी टाइप करायच्या. टीम मेलीच, तर शिव्या न घालता त्याच ओळी पुन्हा टाकायच्या. चिडून निघून गेलेला हीलर परत मिळत नाही, बॉस!