मालमोटारीच्या पुढील चाकांचे आवाज

बैल लंगडूं लागला तर शेतकरी त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. आधीं खूर उचलून पाहतो, कांटा किंवा खडा रुतला आहे काय याचा तपास करतो, आणि मगच पुढील विचार. परंतु तोच शेतकरी आपली मालमोटार पुढच्या अंगानें घरघरूं लागली म्हणजे गाडींतील गाण्यांचा आवाज थोडा वाढवितो आणि जालन्याची वाट धरतो. हें आम्ही दुसऱ्यांस नांवें ठेवण्यासाठीं लिहीत नाहीं. आम्हीं स्वतःच तसें केलें, आणि त्यांत आमच्या पुतण्याचा व आठ मजूर स्त्रियांचा जीव जातां जातां वांचला.

आमची जमीन अंबड तालुक्यांत आहे. दोघां भावांत मिळून मोसंबीची बाग व थोडा कापूस. फळ वेळेवर जालन्याच्या बाजारांत पोंचावें म्हणून आम्हीं एक वापरलेली लहान मालमोटार विकत घेतली. गाडी पुतण्या चालवितो. हिशेबाची वही आमच्याकडे, कारण आमची सारी हयात महसूल खात्यांत कारकुनींत गेलेली. आंबे बहाराची तोडणी चालू होती व पाऊस सरत आला होता. एके सायंकाळीं पुतण्या म्हणाला, "काका, पुढून जात्यावर दळण घातल्यासारखी घरघर येते." दुसऱ्या दिवशीं एका कारखान्यांत गाडी दाखविली. त्यांनीं दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलले. घरघर राहिली. दुसऱ्या कारखान्यानें टाय रॉडचीं टोकें बदललीं. घरघर तशीच. एव्हांना सहा-सात हजार रुपये गेले होते, फळाला भाव बरा होता, आणि गाडी उभी ठेवावी तर झाडावरचा माल गळणार. आम्हीं सांगितलें, "तोडणी होऊं दे, मग निवांत पाहूं." त्या 'मग' च्या आधीं पुतण्यानें आणखी नऊ खेपा केल्या. परत येतांना रिकाम्या गाडींतून तोडणीच्या आठ बायकांना तो शेजारच्या गांवीं सोडीत असे. मालाच्या गाडींत माणसें बसविणें कायद्यानें मना आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. तेंही आम्हीं चालूं दिलें.

शेवटीं जालन्यांत एका वृद्ध मिस्त्रीची गांठ पडली. लोखंडी सळयांचे कारखाने, बियाण्यांचा व्यापार आणि मोंढा यांमुळें या शहरांत मालमोटारींची वर्दळ मोठी, व त्या दुरुस्त करणारीं कसबी माणसेंही पुष्कळ. या गृहस्थानें मात्र पाना उचललाच नाहीं. पेटीवर बसून प्रश्न विचारले. गाडी उभी असून इंजिन चालू असतां आवाज येतो काय? वेगाबरोबर वाढतो काय? गिअर बदलल्यानें फरक पडतो काय? ब्रेक दाबल्यावर काय होतें? भरलेली असतांना अधिक कीं रिकामी असतांना? आणि डावीकडे वळतांना मोठा होतो, कीं उजवीकडे? आम्ही कारकून माणूस. जागेवर न जातां केलेल्या पंचनाम्याची किंमत किती असते हें आम्ही जाणतों. पहिल्या दोन कारखान्यांनीं असा पंचनामा केलाच नव्हता, आणि आम्हींही तो मागितला नव्हता.

पुतण्याचीं उत्तरें अशीं होतीं: उभ्या गाडींत आवाज नाहीं, तीस किलोमीटरांच्या पुढें सुरू होतो, वेगाबरोबर चढतो, गिअर कोणताही असो फरक नाहीं, आणि उजव्या वळणावर मोठा, डाव्या वळणावर जवळजवळ बंद. एवढें ऐकून मिस्त्री म्हणाला, "डावें पुढचें चाक. बेअरिंग गेलें."

याचें कारण समजण्यास सोपें आहे. गाडी उजवीकडे वळते तेव्हां भार डाव्या अंगावर लोटला जातो, जशी भरधांव बैलगाडी वळतांना बाहेरच्या चाकावर कलते. ज्या चाकाचें बेअरिंग खराब, त्यावर भार आला कीं तें बोंबलतें. भार उतरला कीं गप्प बसतें. म्हणून उजव्या वळणावर ओरडणारें बेअरिंग बहुधा डाव्या बाजूचें, आणि डाव्या वळणावर ओरडणारें उजव्या बाजूचें. उभ्या गाडींत केवळ इंजिनाच्या गतीबरोबर जो आवाज वाढतो तो मात्र पट्टा, पंखा, पाण्याचा पंप यांकडचा समजावा. त्यासाठीं चाकें उघडून पैसे घालवूं नयेत.

मग त्यानें चाक उचललें. येथें एक गोष्ट सांगून ठेवतों. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. मागील चाकांना पुढून-मागून दगड लावावे, आखाखालीं लाकडाचा मजबूत ओंडका द्यावा, आणि मगच हात घालावा. चाक जमिनीपासून सुटल्यावर मिस्त्रीनें एक हात वर व एक हात खालीं धरून तें आंत-बाहेर हलविलें. खडखड हललें. अशा हलण्यास कारखान्यांतील लोक 'प्ले' म्हणतात. परंतु असा प्ले बेअरिंगचाही असूं शकतो आणि किंगपिनचाही, म्हणजे ज्या खिळीभोंवतीं पुढचें चाक वळतें तिचाही. दोहोंतील फरक ओळखण्याची युक्ति आम्हांस फारच आवडली. त्यानें पुतण्यास गाडींत बसवून ब्रेक घट्ट दाबावयास सांगितला व चाक पुन्हां हलविलें. हलणें थांबलें. ब्रेक लावल्यानें फिरता ड्रम आणि न फिरणारा भाग एकत्र आवळले जातात, त्यामुळें बेअरिंगचा सैलपणा झांकला जातो. ब्रेक दाबूनही चाक वर-खालीं हलतच राहिलें असतें तर दोष किंगपिनचा ठरला असता. हात डाव्या-उजव्या बाजूंस धरून हलविल्यासच चाक डुलतें, वर-खालीं धरल्यास नाहीं, तर टाय रॉडचीं टोकें किंवा स्टेअरिंगचे सांधे पाहावे. नंतर त्यानें एक हात पाट्यावर ठेवून दुसऱ्यानें चाक फिरविलें व आम्हांसही हात ठेवावयास लाविलें. पाट्यांतून वाळूवर बोट फिरविल्यासारखी खरखर हाताला लागत होती. उजव्या बाजूस तसें कांहींच नव्हतें.

हब उघडलें तेव्हां आंतील ग्रीस पाणी मिसळलेल्या ताकासारखें पांढुरकें झालेलें. बेअरिंगच्या रोलरांवर खळगे पडले होते, आणि आंतल्या बेअरिंगचें पोलाद तापून निळसर झालें होतें. मिस्त्री म्हणाला, "आणखी दोन-चार खेपा आणि हें जाम झालें असतें. मग चाक राहतें कीं जातें, तें नशिबावर." पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें नाहीं. आम्हींही त्याच्याकडे पाहिलें नाहीं.

पाणी शिरलें कोठून? आमच्या वाटेवर एक ओढा आहे. पावसाळ्यांत त्यांतून गाडी नेल्याशिवाय गत्यंतर नसतें. बाजारांतून दमून आलेली गाडी, ब्रेक लावून लावून तापलेलें हब, आणि तें एकदम थंड पाण्यांत. आंतील तापलेली हवा आकुंचन पावते व झिजलेल्या सीलमधून पाणी आंत ओढून घेते. सील म्हणजे एक क्षुल्लक रबरी कडें. तें बदलण्याचा खर्च बेअरिंगच्या मानानें कांहींच नाहीं. म्हणून ज्यांच्या वाटेवर ओढे-नाले आहेत त्यांनीं पाण्याच्या अलीकडे गाडी थोडी थांबवून चाकें निवूं द्यावीं, आणि पावसाळा संपतांच दोन्ही पुढील हब उघडून, जुनें ग्रीस पार पुसून काढून, चाकांच्या बेअरिंगकरितां मिळणारें नवें ग्रीस रोलरांच्या आंतपर्यंत दाबून भरावें. वरून लेप दिल्यानें भागत नाहीं. जुन्यांत नवें मिसळूं नये. निरनिराळ्या जातींचीं ग्रीसें एकत्र आलीं म्हणजे कधीं कधीं पातळ होऊन गळून जातात. नट किती आवळावा हें प्रत्येक गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. फार आवळला तर बेअरिंग तापतें, सैल राहिला तर चाक डुलतें. नटाची स्प्लिट पिन दर वेळीं नवीच घालावी. जुनी सरळ करून पुन्हां वापरणें ही काटकसर नव्हे.

एक फसगत मात्र होण्यासारखी आहे. टायर एका अंगानें चढ-उतार पडून झिजले असतील तर तेही बेअरिंगसारखेच घोंघावतात. त्याची परीक्षा आपल्या जिल्ह्यांत आतां सहज करतां येते. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं वाहतुकीस खुला झाला. तो जालना जिल्ह्यांतून जातो व सिमेंट काँक्रीटचा आहे. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गाडी गेली असतां आवाजाची जातच बदलली, तर टायरवर संशय घ्यावा. दोहोंवर घरघर सारखीच असेल तर बेअरिंग. आमच्या गाडीची घरघर दोहोंवर सारखीच होती, हें पुतण्यास पुढें आठवलें.

गांवच्या रस्त्यांची गोष्ट निराळी. आपली काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता कधीं सपाट राहतच नाहीं. त्या लाटांवरून चालतांना पाटे, त्यांचे शॅकल व पिना यांना रात्रंदिवस काम पडतें. हळू चालीवर, खांचखळग्यांतून जातांना येणारी कुरकुर बहुधा कोरड्या शॅकलची असते. पाऊस पडला कीं ती बंद पडते व ऊन तापलें कीं पुन्हां सुरू होते, हीच तिची खूण. पिनेला ग्रीसचें निपल असेल तर ग्रीस द्यावें. रबरी बुश असेल तर मात्र ग्रीस लावूं नये, रबर फुगून खराब होतें. ही कुरकुर कानाला कितीही टोंचली तरी गाडी घरापर्यंत आणते.

याउलट, गाडी सुरू करतांना एकदां 'टक' आणि ब्रेक लावतांना पुन्हां एकदां 'टक', हा आवाज लहान पण वाईट. पाटे आखाला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल झाले असतील किंवा पाट्यांमधील सेंटर बोल्ट तुटला असेल. असें झालें म्हणजे आख जागेवरून सरकतो व गाडी एका बाजूला ओढूं लागते. चाकें सरळ ठेवून जमीन मोजावयाच्या टेपनें पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर दोन्ही बाजूंस मोजावें. एरव्हीं दोन्ही मापें जुळतात. फरक आला तर आख सरकला असें समजून गाडी तेथेंच उभी करावी. ब्रेक दाबतांना लोखंड लोखंडावर घांसल्यासारखा कर्कश आवाज आला तर लायनर संपले आहेत. तेंही थांबण्याचेंच कारण. कांहीं लहान गाड्यांत पुढें पाट्यांऐवजीं गुंडाळीची स्प्रिंग व बॉल जॉइंट असतात. अशा गाडीचें स्टेअरिंग फिरवितांना करकर व कडकड होऊं लागली तर तिच्यावर माल चढवूं नये, कारण बॉल जॉइंट निखळला म्हणजे चाक जागच्या जागीं आडवें होतें.

चाकाबरोबर फिरणारी टिकटिक मात्र सर्वांत आधीं, एक पैसाही खर्च न करतां तपासावी. पुष्कळदां टायरच्या खांचेंत अडकलेला खडाच निघतो. पण तो नसेल तर चाकाचे नट पाहावे. नटाभोंवतीं गंजाचे तांबूस ओघळ दिसले तर नट सैल होऊन चाक घांसत आहे. टायर बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरांनीं नट पुन्हां आवळून घ्यावयाचे असतात, आणि नेमकें हेंच आपल्याकडे कोणी करीत नाहीं. पंक्चर काढणाऱ्यानें आवळले म्हणजे झालें, अशी समजूत आहे.

सायंकाळीं घरीं आल्यावर आणखी एक पाहणी करतां येते. दहा-पंधरा किलोमीटर चालून आलेल्या गाडीच्या दोन्ही पुढील हबांजवळ हाताची पालथी बाजू न्यावी. स्पर्श करूं नये, भाजेल. एक बाजू दुसरीपेक्षां स्पष्ट अधिक तापलेली असेल तर तेथें बेअरिंग किंवा चिकटून राहिलेला ब्रेक असतो. तोडणीच्या दिवसांत दोन मिनिटें यासाठीं काढणें कठीण नाहीं. आम्हीं तीं काढलीं असतीं तर त्या नऊ खेपा झाल्या नसत्या.

तोडणीच्या बायका आतां एस. टी. नें जातात, भाडें आम्ही देतों. आमच्या खेपवहींत डिझेल व भाडें यांच्या रकान्यांशेजारीं 'आवाज' असा एक नवा रकाना आंखला आहे, आणि तो भरल्याशिवाय पुतण्या किल्ली खुंटीला लावीत नाहीं. या पंधरवड्यांत त्यांत एकच नोंद आहे: "उजवा पाटा कुरकुरतो, रिकामी असतांना; पावसांत बंद." शॅकलला ग्रीस द्यावयाचें आहे.