समुद्राखालच्या नळीला साबण कसा लावायचा?

आमच्या उल्हासनगरच्या घरी, कॅम्प ५ मध्ये, सिलिंडर बदलला की आई रेग्युलेटरभोवती साबणाचा फेस लावायची. बुडबुडा दिसला की गळती! साधी, पण खात्रीची तपासणी. असा घरगुती गॅस उरणच्या प्रकल्पातही तयार होतो. त्यासाठी लागणारा नैसर्गिक वायू मुंबई हायच्या बाजूने, समुद्रतळावरच्या पोलादी वाहिन्यांतून येतो. त्या वाहिन्यांना साबण कसा लावणार?

मुंबई हाय १९७४ मध्ये सापडले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरचा हा समुद्र जेमतेम ७५-८० मीटर खोल आहे आणि किनाऱ्याकडे तो आणखी उथळ होत जातो. उथळ म्हणजे सोपे, असे आपल्याला वाटेल. पण इथे लाटांचा आणि भरती-ओहोटीचा जोर तळापर्यंत पोचतो. नळीखालची वाळू वाहून जाते, नळी अधांतरी राहते, प्रवाहाने थरथरते आणि हळूहळू पोलाद थकते. शिवाय जहाजांचे नांगर आणि मासेमारीची जाळी आहेतच.

म्हणून तपासणी तीन प्रकारे होते. सर्वेक्षण जहाज ध्वनिलहरी सोडून तळाचे चित्र काढते. नळी कुठे उघडी पडली, कुठे अधांतरी आहे, ते त्यात कळते. मग कॅमेरा लावलेले दूरनियंत्रित यंत्र किंवा पाणबुडे खाली जातात. नळीवर जस्ताच्या किंवा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे तुकडे बसवलेले असतात. ते स्वतः झिजतात आणि पोलाद गंजू देत नाहीत. ते किती उरले, हे पाहावे लागते. गढूळ पाण्यात पाणबुड्याला अनेकदा हातानेच चाचपावे लागते.

तिसरी तपासणी आतून. तेलाच्या दाबाबरोबर ‘पिग’ नावाचे यंत्र नळीतून सोडतात. पिग म्हणजे डुक्कर. पण हे हुशार डुक्कर चुंबकाच्या साहाय्याने पोलाद कुठे पातळ झाले, त्याची नोंद करत दुसऱ्या टोकाला बाहेर पडते.

इतके कशासाठी? मे १९९३ मध्ये मुंबई हायच्या परिसरात तेलाची एक उभी नळी फुटली आणि हजारो टन कच्चे तेल समुद्रात गेले. २७ जुलै २००५ रोजी ऐन पावसाळ्यात ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज तिथल्या फलाटाच्या उभ्या नळीवर आदळले. वायू पेटला, फलाट जळून कोसळला आणि २२ माणसे गेली. ती नळी गंजलेली नव्हती. ती जहाजाच्या वाटेत होती. म्हणजे धातूची जाडी मोजून भागत नाही. नळीजवळ कोण येते, कोणत्या हवामानात येते, हेही तपासणीतच धरले पाहिजे.

आई बुडबुड्याची वाट पाहायची. समुद्रात बुडबुडा दिसला, तर उशीर झालेला असतो. तिथली खरी तपासणी तो उठण्याआधीची.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)