ताप न येणारा रोग

कुत्री व्याली की पहिले काही दिवस पिले झकास दिसतात. डोळे मिटलेले असले तरी आचळ अचूक शोधतात, पोट भरले की एकमेकांच्या अंगावर पडून झोपतात. पण कधीकधी दहाव्या-बाराव्या दिवशी एक पिलू दूध सोडते. ते सारखे कण्हत राहते, त्याला पिवळट-हिरवी पातळ शी होते आणि दिवसा-दोन दिवसांत ते मरते. पाठोपाठ दुसरे जाते, मग तिसरे. आई मात्र ठणठणीत! मग कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते आईचे दूधच बाधले.

पिले दगावण्याची कारणे अनेक असतात. थंडी, उपासमार, जंत, जिवाणू ही त्यांतली नेहमीची. आणखी एका कारणाचा छडा १९६५ साली लागला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे लेलंड कारमायकेल आणि त्यांचे सहकारी यांनी अशा पिलांमधील एका विषाणूचे वर्णन केले. हा विषाणू हर्पिस कुळातला. माणसाला कांजिण्या आणि नागीण देणारा विषाणूही याच कुळातला. मात्र कुत्र्याच्या या विषाणूची बाधा माणसाला होत नाही.

मोठ्या कुत्र्याला हा विषाणू फारसा त्रास देत नाही. थोडी सर्दी, क्वचित जननेंद्रियावर बारीक फोड, बस्स! पुष्कळदा तेवढेही नाही. मग तोच विषाणू पिलाला ठार कसा करतो?

उत्तर तापमापकात आहे. मोठ्या कुत्र्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. या विषाणूला मानवते ते ३५-३६ अंशांच्या आसपासचे तापमान. त्याहून गरम जागी त्याची वाढ मंदावते. म्हणून मोठ्या कुत्र्यात तो नाक, घसा आणि बाहेरचे जननेंद्रिय अशा थोड्या गार भागांतच रेंगाळतो. नवजात पिलाची गोष्ट वेगळी. त्याला कुडकुडता येत नाही. पहिले दोन-तीन आठवडे त्याची ऊब आईच्या कुशीवर अवलंबून असते आणि तापमान बहुधा ३५ ते ३७ अंशांपर्यंतच राहते. विषाणूच्या हिशेबी पिलाचे सारे शरीरच नाकासारखे गार! तो यकृत, फुप्फुसे, मूत्रपिंडे असा सर्वत्र पसरतो. मेलेल्या पिलाच्या मूत्रपिंडांवर रक्तस्रावाचे लाल ठिपके दिसतात, ते या रोगाचे ठळक चिन्ह होय.

रोग म्हटला की आपण ताप शोधतो. इथे पिलाला ताप नसतो. अंग उलट गार लागते. कारमायकेल यांच्या गटाने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पिलांचे तापमान मुद्दाम वाढवून पाहिले, तेव्हा रोगाचा जोर कमी पडला. पण लक्षणे दिसू लागल्यावर उबेचा उपयोग फार थोडा होतो.

विषाणू पिलांपर्यंत येतो बहुधा आईकडूनच. जन्माच्या वाटेत तो लागतो, नाहीतर तिच्या नाकातील स्रावातून. बरे झालेले कुत्रेही त्यातून पुरते सुटत नाही. नागिणीचा विषाणू माणसाच्या मज्जातंतूंत वर्षानुवर्षे दडून बसतो, तसाच हाही दडतो आणि गाभणपणासारख्या ताणाच्या काळात पुन्हा डोके वर काढतो.

असे असूनही, जिची एक वीण या रोगाने गेली तिची पुढची पिले बहुधा सुखरूप राहतात. कुत्रीच्या वारेतून प्रतिपिंडे पिलांकडे फार थोडी जातात. ती मिळतात मुख्यतः पहिल्या दिवसाच्या चिकातून. एकदा विषाणूशी सामना झालेल्या आईच्या चिकात ती तयार असतात. खरा धोका असतो तो गाभणपणाच्या अखेरीस प्रथमच विषाणू गाठलेल्या आईच्या पिलांना. तेव्हा 'ही कुत्रीच वाईट' म्हणून तिला घराबाहेर काढणे निव्वळ अन्याय आहे.

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. त्यात विषाणू वारेतून आत शिरला, तर सुरुवातीचे गर्भ शरीरातच विरघळून जातात आणि कुत्री गाभणच राहिली नाही असे वाटते. पुढे शिरला तर गर्भपात होतो किंवा मृत पिले जन्मतात. मात्र प्रत्येक गर्भपात याच विषाणूमुळे होतो असे नाही. ब्रुसेल्ला कॅनिस नावाचा जिवाणूही तेच करतो (तोही कारमायकेल यांनीच १९६६ साली शोधला). तो माणसालाही बाधतो. म्हणून गर्भपाताचे अवशेष उघड्या हातांनी उचलू नयेत आणि पशुवैद्याला कळवावे.

व्यायच्या आधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे कुत्रीला इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावे. विषाणूवर स्निग्ध आवरण असते. ते साबणाने विरते, म्हणून हात आणि भांडी धुण्याचा खरोखर उपयोग होतो. पौषातल्या पहाटे सिमेंटच्या फरशीवर पिले ठेवणे म्हणजे विषाणूला आमंत्रणच! खाली जाड कोरडे गोणपाट अंथरावे. दिवा लावायचा तर एका कोपऱ्यावर लावावा, म्हणजे उकडल्यास पिलांना सरकता येईल.

युरोपात २००१ सालापासून या रोगावर लसही आहे. ती पिलांना देत नाहीत, कारण त्यांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ती आईला टोचतात. पहिली मात्रा माजाच्या काळात किंवा संयोगानंतर थोड्याच दिवसांत आणि दुसरी व्यायच्या एक-दोन आठवडे आधी देतात, म्हणजे चीक उतरेपर्यंत त्यात प्रतिपिंडे भरलेली असतात.